हत्तीच्या झोपेचा जाहीर सत्कार

बाळांनो, चुळबुळ थांबवा. एका जंगलात हत्तींची प्रवासी सेवा होती. पूर्वेच्या टोकाला पाठीवर चढायचं, पश्चिमेच्या टोकाला उतरायचं.

एकदा एक हत्ती चालता चालता झोपला आणि सशांच्या वऱ्हाडासकट ओढ्यात बसला. कुणी दगावलं नाही, पण नवरदेव चिखलाने माखला. सिंहमहाराजांनी लगेच कायदा केला. हत्तीने अर्ध्या वाटेवर थांबून झोप काढायची, पुढे ताजा हत्ती लावायचा.

अर्ध्या वाटेवर तेव्हा एक चिंच होती, बाकी काही नाही. ताजा हत्ती येईपर्यंत उतारू तिथे ताटकळत. ताटकळलं की भूक लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. सगुणाकाकू अस्वलिणीने मधाच्या सरबताची टपरी टाकली. माकडांनी भेळ सुरू केली. मुंगसाने 'सापमुक्त धर्मशाळा' काढली. बघता बघता गाव वसलं. त्याचं नाव पडलं निजगाव.

पुढे महाराजांना घाई झाली. "हत्ती एवढा मोठा प्राणी! त्याला कसली झोप?" असं म्हणून त्यांनी कायदा मोडीत काढला.

हत्ती न थांबता जाऊ लागले. निजगाव माश्या मारत बसलं. सगुणाकाकूंची पिल्लं तिन्ही त्रिकाळ न खपलेलं सरबतच प्यायची. आणि काकूंचा जीव हत्तींसाठी तुटू लागला.

"दौलतराव, किती वाळलात हो!" काकू वाटेने चाललेल्या एका हत्तीला म्हणाल्या.

दौलतराव तसूभरही वाळले नव्हते. डोळे मात्र मिटत होते. पाठीवर शेळीची करडं दंगा करत होती.

"काकू, मला फक्त झोप हवी हो," ते म्हणाले आणि झोकांड्या खात पुढे गेले.

काकूंनी मोर्चा काढला. "हत्तीला झोप मिळालीच पाहिजे!" सर्वांत मोठा आवाज भेळवाल्यांचा होता. महाराज नमले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दौलतराव निजगावात थांबले. उतारू उतरले. दौलतराव चिंचेखाली आडवे होणार, तोच कानाशी ढोल वाजला.

"काकू, हे काय?"

"अहो, तुमचा सत्कार! तुमच्या झोपेचा विजय झालाय."

"मग झोपू?"

"झोपाल हो! आधी भाषणं होऊ द्या. सगळे तुमच्या झोपेवरच बोलणार आहेत."

शाल आली, ती एका कानालाच पुरली. माकडं बोलली. मुंगूस दोनदा बोललं. सरबत धो धो खपलं, आणि काकूंच्या पिल्लांना कितीतरी दिवसांनी भाकरी मिळाली. दौलतराव गळ्यात हार घालून टक्क जागे बसले.

आभारप्रदर्शन संपलं, तशी विश्रांतीची वेळही संपली. पुढचे उतारू पाठीवर चढू लागले. एक शेळी आपल्या करडांना वर चढवता चढवता थबकली.

"दादा, झोप झाली ना नीट?"

सगळं निजगाव कौतुकाने दौलतरावांकडे बघत होतं. तोंडावर नाही कसं म्हणणार?

"झाली," दौलतराव म्हणाले. "मोठ्या थाटात झाली."

तात्पर्य: मुलांनो, दमलेल्याच्या पाठीशी नेहमी उभं राहावं. उशाशी जागा असेल तर तिथेच राहावं, आणि येताना ढोल आणावा.