रिकामी झोळी हलवायची कुणी?

झोळी रिकामी असायला हवी होती, आणि ती आपोआप हलायला हवी होती. शितलच्या भयपटातला हा सर्वांत भीषण प्रसंग: स्वतःच्याच बाळाला भिणारी आई दचकून जागी होते आणि पाहते, तर आढ्याला टांगलेली लुगड्याची झोळी, आत बाळ नसताना, संथपणे झुलते आहे. आईचे काम करणारी नटी कालच परत गेली होती. उरली होती एकटी झोळी. त्यासाठी उधवा गावातल्या हिरी नावाच्या म्हातारीचे कुडाचे घर आज दिवस मावळेपर्यंत मागून घेतले होते. भरदुपारीही त्या घरात सावलीच वस्तीला असे. बाहेर सागाचे एक पान पडले, तरी अंगणात कुणी पाऊल टाकल्याचा भास होई.

शितलला सातवा महिना होता. एवढ्या दिवसांत पोटातल्या जिवाविषयी वात्सल्य म्हणून काही तिला वाटलेच नव्हते. वाटली ती केवळ भीती. आपल्या ठायी आईपण नाहीच, हा संशय तिने कुणापाशी उच्चारला नाही. त्याची पटकथा लिहिली.

कुडामागे दडलेल्या मुकेशने, शूटिंगच्या मदतनिसाने, झोळीला बांधलेली दोरी ओढली. झोळी हलली, पण आढे करकरले. कॅमेऱ्यामागून नविन पुटपुटला, "मॅडम, रिकामी झोळी असा आवाज करत नाही."

कापडाला तळाशी फुगवटा आला होता. शितलने ते दूर सारले. आत वरवंटा निजला होता.

"म्यांच निजवला," दारातून हिरी म्हणाली. "रिकामी झोळी हलवली तं पोराचं पोट दुखतं."

"अहो आजी, इथे पोर आहेच कुठे?"

हिरीने तिच्या पोटाकडे पाहिले. "हाय तं."

हिरीची रवानगी अंगणात झाली. पुन्हा दोरी ओढली गेली. या खेपेस फुगवटा वाटोळा होता, तान्ह्याच्या डोक्याएवढा. बराच वेळ कुणी जवळ जाईना. अखेर शितलनेच डोकावून पाहिले: शेंडीसकट नारळ!

"माझा हाय, मॅडम," कुडामागून आवाज आला. "बायकोचे दिस भरलेत माझ्या. उद्या पोरगं रडत बसलं तं तुमचा पिच्चर येईल का आंदुळायला?"

"मुकेश, एकविसावं शतक चाललंय!"

"असंल. पन पोट तं तेच हाय ना?"

शितलचा संयम सुटला. मुकेशलाही तिने बाहेर घालवले, दाराला आतून अडसर लावला, आणि नविन भिंग पुसत असताना झोळी स्वतःच्या हातांनी तपासली. तपासणीला अंमळ वेळच लागला. मग दोरी तिने स्वतः धरली.

आता आढे करकरले नाही. झोळी मात्र अशा मऊ भाराने झुलू लागली, जणू आत कुणी झोपेत कूस बदलावी. नविनचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम... आता तर आपण दोघंच आहोत."

"शॉट मिळाला ना? मग आवर."

"पण आत काहीतरी आहे!"

"बघू नकोस!"

हे ऐकून न पाहणारा मनुष्य विरळा. नविन दबकत गेला आणि त्याने झोळी उघडली. आत शितलची पटकथा होती. घट्ट गुंडाळलेली, वरून तिचीच ओढणी लपेटलेली, आणि ओढणीचे टोक टोपऱ्यासारखे पुढे ओढलेले.

नविनने शितलकडे पाहिले. शितलने जमिनीकडे पाहिले. इतक्यात कुडाच्या फटीत एक डोळा लुकलुकला, आणि दोघांच्याही अंगावर काटा आला.

"बाय," डोळ्यामागून हिरीचा आवाज आला, "उजवा कान उघडा रायला त्याचा. वारा लागंल."

शितल लगबगीने वाकली. ओढणी उजवीकडून नीट ओढून घेतली, वरून दोनदा हलकेच थोपटले. आणि मगच तिच्या ध्यानात आले, की पटकथेला कान नसतात.