भिंतीवरचा टॉवेल

"भिंतीचं चित्र मी स्वतः करणार," असं मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा माझ्या बायकोने, रचनाने, फक्त आमटीची वाटी माझ्यापासून लांब सरकवली. (उत्साहात माझे हात उडतात.)

आगरदांड्याच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती खानावळ काढत होती. फेरीबोटीतून उतरलेली माणसं गाडीच्या काचा वर करून तडक मुरूड गाठतात. त्यांना थांबवायचं, तर ते काम आमच्या तीस फुटी भिंतीने करायचं होतं. भिंतीवर भलंमोठं ताट, ताटात सुरमई, शेजारी स्टीलचा तांब्या. ते बघून गाड्या थांबल्या नाहीत, तर दहा वर्षं लोकांच्या लग्नात भाकऱ्या थापून शेवटी धीर करून काढलेली रचनाची खानावळ महिनाभरात बंद पडणार होती. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच परक्या माणसावर विश्वास टाकायला मी तयार नव्हतो.

फेरीने दिघी आणि तिथून माणगाव गाठलं. प्रिंटिंगवाल्या हितेशने मला समोर बसवून समजावलं.

"काका, तीस फुटांची फाइल करू नका, कॉम्प्युटर बसेल. एकास दहा करा. तुम्ही तीन फुटांत द्या, आम्ही दहापट करून छापतो. फोटो फोनच्या मोठ्यात मोठ्या सेटिंगवर काढा, नायतर सुरमईचे ठोकळे दिसतील. आणि देण्याआधी कोपरान् कोपरा मोठा करून बघा. छोट्यात मुंगी दिसते ना, ती भिंतीवर मांजर होते."

"मी बावीस वर्षं सरकारी कागद तपासतोय," मी म्हणालो. "मला तपासायला शिकवू नकोस."

(सरकारी कागद मी कसे तपासतो, हे इथे सांगण्याची गरज नाही.)

त्याचा मोठ्या सेटिंगचा सल्ला मी पाळला, मोठं करून बघण्याचा नाही. उलट झालं असतं तर बरं झालं असतं.

फोटो काढला भर दुपारी. उकाड्याने जीव जात होता, नुकतीच अंघोळ केलेली, म्हणून बनियन आणि कमरेला टॉवेल अशा वेशात स्टुलावर उभा राहून, जीभ बाहेर काढून (एकाग्र झालो की ती आपोआप येते) मी ताटावर नेम धरला.

आता टॉवेलबद्दल सांगणं भाग आहे. तो आमच्या कचेरीतल्या साहेबांच्या खुर्चीचा. धुवायला म्हणून घरी आणला आणि अंगवळणी पडला. साहेबांनी विचारलं, तेव्हा "शोध घेतो" म्हणालो. तो हरवल्याचा कागदही माझ्याच हस्ताक्षरात आहे. साहेबांच्याच हातून सांडलेल्या शिक्क्याच्या शाईचा जांभळा डाग ही त्याची खूण, असं मी त्यात व्यवस्थित नमूद केलं होतं.

लॅपटॉपवर चित्र झकास दिसत होतं. तांब्याच्या पोटावर एक सुंदर चमक आली होती. ती मला इतकी आवडली की मी ती आणखी उजळ केली.

"तांब्यावर ते पांढरं काय?" रचनाने विचारलं.

"चमक. स्टील आहे ते."

"अहो, एकदा मोठं करून बघा ना."

"दहापट होणारच आहे. तेव्हा बघू."

रविवारी उद्घाटन झालं. पाहुणे म्हणून मी आमच्या साहेबांनाच बोलावलं होतं. त्यांनी दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच बंद पडल्या. भाकऱ्या करायला आलेली जनीमावशी भिंतीला नाक लावून उभी राहिली.

"आवो, तांब्यात कोन उभा हाय यो?" ती म्हणाली. "यो तं आपला रत्नपाल हाय. बनियनला भोक बी हाय."

चार फुटी तांब्याच्या पोटात मी हातभर उंच उभा होतो. जीभ बाहेर. तांब्याच्या गोलाईने पोट सुटलेलं. (एरवीही ते फारसं आत नसतं.) मोठ्यात मोठ्या सेटिंगची कृपा, एकही ठोकळा नव्हता.

रचनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जोरात बोलतो.

"मुद्दाम ठेवलाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "घरगुती जेवण आहे. घरातला माणूस असाच दिसतो. काही झालं तरी हे चित्र उतरणार नाही."

तेवढ्यात फेरीतून उतरलेली एक गाडी करकचून थांबली. माणसं खिदळत खाली आली, भिंतीपुढे फोटो काढले, मग सुरमईच्या वासाने आत शिरली. मागोमाग दुसरी गाडी. दोन वाजता भाकऱ्या संपल्या. रचनाने माझ्या पानाजवळ आमटीची वाटी आणून ठेवली.

मग साहेब जेवून, हात पुसत भिंतीपाशी गेले. चष्मा लावला. बराच वेळ उभे राहिले.

"रत्नपालराव, हा जांभळा डाग ओळखीचा वाटतो."

"छपाईचा दोष असेल साहेब."

"छपाई उत्तम आहे. शोध पूर्ण झाला म्हणायचा." चष्मा काढून ते पुढे म्हणाले, "सरकारी वस्तू भिंतीवरून काढा. माणूस राहिला तरी हरकत नाही."

या वेळी रचनाने मला फाइलला हात लावू दिला नाही. तिने स्वतः माप घेतलं आणि हितेशकडून एक तुकडा छापून आणून नेमका टॉवेलवर चिकटवला. लिंबाची फोड. टॉवेल पूर्ण झाकला गेला. आता भिंतीवर बनियन आहे, जीभ आहे आणि लिंबू आहे. चित्र उतरणार नाही, हे मीच चारचौघांत सांगून बसलो होतो.

खानावळ जोरात चालते. टॉवेल मी धुऊन, इस्त्री करून कचेरीत नेला. साहेबांनी त्याला हात न लावता तो माझ्याच खुर्चीला घालायला लावला. आमच्या कचेरीत खुर्चीला टॉवेल लाभलेला मी पहिलाच कारकून. हा मान मी ताठ मानेने मिरवतो. दाखल्यासाठी आलेला माणूस आधी टॉवेलकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि हळूच विचारतो, "आणि लिंबू कुठाय?"