गादी चावून बघणारे महालेकाका

आमचे शेजारी महालेकाका गादी विकत घेण्याआधी ती चावून बघतात. अख्खी नव्हे, तेवढं तोंड देवाने कुणालाच दिलेलं नाही. कोपऱ्याची शिवण हळूच उसवून ते आतला चिमूटभर कापूस, काथ्या नाहीतर फोम काढतात, पुढच्या दातांत धरतात, डोळे मिटतात आणि दुकानदाराचा जीव टांगणीला लावून सावकाश म्हणतात, "दमट आहे."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. काका साखरशेतचे, पण सगळी नोकरी गेली जव्हारच्या भातखरेदी केंद्रावर. शेतकऱ्याने पोती आणली की पोत्यात लोखंडी सळई खुपसायची, अगदी बुडाचे दाणे बाहेर काढायचे आणि त्यातला एक दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर पास, नाही वाजला तर पोतं परत उन्हात. "वरवरचं भात सगळ्यांचंच चांगलं असतं. बुडाचं दाखव!" हे वाक्य त्यांच्या जिभेवर असं बसलंय की भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्यांनी ते ऐकवलंय. सुमनला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, बघायला आलेल्या मुलालाही ऐकवलं होतं. तो मुलगा आता त्यांचा जावई आहे आणि अजूनही सासऱ्यांसमोर जरा सावरूनच बसतो.

मी इथल्या, साखरशेतच्या शाळेत शिक्षिका. आमची आणि काकांची भिंत एक, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला आपोआप कळतं. काकू जाऊन चार वर्षं झाली. यंदा सुमनला दिवस गेले आणि काका हरखले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण नाशिकहून सासूबाईंचा फोन आला, "तिथे आई नाही, तिचं करणार कोण? इथेच राहू दे तिला." सुमन नुसतं म्हणाली, "बघू, बाबा."

त्या "बघू"ने काकांची झोप उडवली. विचार करून करून त्यांनी निष्कर्ष काढला की दोष अंथरुणाचा आहे. गेल्या दिवाळीत सुमन बाहेरच्या खोलीत गोधडीवर झोपली होती आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून परत गेली होती. चांगली गादी आणली की पोरगी येणार! मला म्हणावंसं वाटलं, काका, पोरीला गादी नाही, आई हवी असेल. पण ती काही दुकानात मिळत नाही.

"आधी तुमची बदला की," मी एवढंच म्हटलं. आतल्या खोलीतल्या त्यांच्या जुन्या गादीला शेजारी शेजारी दोन चांगले खोल खड्डे पडलेत.

"ती राहू दे. ती तपासायची नाय," काका म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या.

खरेदीला मला बरोबर नेण्याचं कारण म्हणजे माझी कंबर. "दुखरी कंबर बरोबर पाहिजे, बाई. निरोगी माणसाला काय, ओट्यावर पण झोप लागते." जव्हारच्या पहिल्याच दुकानात काकांनी चपला काढल्या, एक उशी शर्टाच्या आत कोंबली आणि ते कुशीवर आडवे झाले. मी हादरले. "पोटुशी बाई कधी उताणी झोपते का?" त्यांनी मलाच विचारलं. बाजाराचा दिवस. दारात हां हां म्हणता गर्दी जमली. पोटावर हात ठेवून काका या कुशीवरून त्या कुशीवर होत होते आणि मधूनच कण्हून बघत होते. गर्दीतल्या एका आजीने तर मला कितवा महिना म्हणून विचारलं.

दुकानदाराने सुटका करून घेण्यासाठी गादीची स्तुती सुरू केली. काकांनी हात वर केला. "आज कशी आहे ते मला दिसतंय. तीन वर्षांनी कशी असेल ते दाखव."

"मग तीन वर्षांनी या ना, काका!"

"तीन वर्षांपूर्वी कुणी नेली होती, त्याचा पत्ता दे."

आणि त्याने तो खरंच दिला! मोखाड्याच्या एका ग्रामसेवकाचा. रविवारी आम्ही एसटीने मोखाड्यात. ग्रामसेवक बाहेर गेलेले, बायको घरात. तिला वाटलं कसला तरी सर्व्हे आहे, म्हणून ती आधार कार्डं घेऊनच बाहेर आली. काकांनी येण्याचं कारण सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पण बाई भली होती. काकांनी गादीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि मधे दोरीखाली किती बोटं जातात ते पाहिलं. "दोन बोटं खड्डा," ते म्हणाले. मग कुशीवर आडवे झाले आणि पाऊण तास गाढ झोपले. तेवढ्यात मला चहा मिळाला आणि ग्रामसेवकांच्या तिन्ही बहिणींचे स्वभाव कळले. उठल्यावर काकांनी चष्मा लावला आणि निकाल दिला, "झोप चांगली लागते. पण नापास."

शेवटी मोखाड्यातलाच एक गादीवाला त्यांना पुरून उरला. "काका, समोर बसा. कापूस पिंजतो, भरतो, शिवतो. बुडापासून बघा." काका दिवसभर बसले. नाकातोंडात कापूस, भुवया पांढऱ्या. दर थोड्या वेळाने चिमूटभर कापूस दातात धरायचे. संध्याकाळी म्हणाले, "पास." त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकून मला इतकं हायसं वाटलं की माझी कंबरसुद्धा दुखायची थांबली. घाटात धुकं होतं. जीपच्या टपावरच्या गादीला दोन प्लास्टिकं गुंडाळून काका वळणावळणाला मान बाहेर काढून ओरडत होते, "हळू घे रे, दमट होईल!"

सुमन आली, पण चार दिवसांसाठी. जमलं तर राहा, नाहीतर परत ये, असं सासूबाईंनी सांगून पाठवलं होतं. बाहेरच्या खोलीत नवी गादी, नवी चादर, नव्या उशा. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी विचारलं, "कशी झोप लागली?"

"छान लागली, बाबा." तिचे डोळे लाल होते.

काका माझ्याकडे आले आणि नुसतेच ओट्यावर बसले. "वरवरचं बोलते हो ती," ते म्हणाले. "बुडाचं नाय सांगत. जाणार परत." मला त्यांचं फार वाईट वाटलं.

दुपारी मी सुमनसाठी नाचणीची पेज घेऊन गेले. नवी गादी रिकामी होती. काका आतल्या खोलीच्या चौकटीला धरून उभे होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आत सुमन जुन्या गादीवर झोपली होती. भिंतीकडच्या खड्ड्यात, काकूंच्या जागेवर, कुशीवर, गुडघे जवळ घेऊन. तोंड थोडं उघडं होतं.

"चार वर्षांत तिथं कोणी झोपलं नाय," काका कुजबुजले. "मी पण कूस बदलताना संभाळतो. दिवाळीत म्हणूनच हिची गोधडी बाहेर घातली." मग म्हणाले, "चुकलंच माझं."

चहाच्या वेळेला सुमन उठली, आळस दिला आणि म्हणाली, "बाबा, सासूबाईंना सांगते, माझे बाकीचे कपडे पाठवून द्या. राहते मी इथे. पण झोपणार या गादीवरच."

"बाय, खड्डा आहे तिथं. कंबर जाईल."

"आईचा आहे. मला बरोबर बसतो."

काकांनी पेजेचं भांडं उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. मला म्हणाले, "बाई, पेज गार झाली, गरम करतो." आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ आलेच नाहीत. सुमन माझ्याकडे बघून हसली. मी पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात दात घासत होते. आता नव्या गादीवर झोपायची पाळी त्यांचीच आली होती. मी विचारलं, "काय काका, गादी कशी आहे?"

"गादी एक नंबर. पण झोप नाय आली."

"का हो?"

"ही आतून घोरत होती ना," काका म्हणाले. "अगदी आईसारखी घोरते. ऐकत पडलो होतो."