थांबलेल्या चाकाचे आणि चाळीस चोकांचे वर्तमान

श्री. ज्याच्या योगे डोळ्यांस डोळेपण आले त्या तेजास नमन करोन, शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी म्हणजे सूर्याचाच दिवस, ते दिवशी, एका राज्यी पूर्वी जे घडले ते यथास्थित लिहिले असे. राज्याचे नाव पुसो नये. ज्यास आपले वाटेल त्याचे ते.

त्या राज्यी पोलाद ओतावयाचा आणि घासावयाचा थोर कारखाना होता, आणि त्याच्या छपरास काचा होत्या, आणि उजेड वरून आपोआप उतरत असे. परंतु दिवाणसाहेबांचे चित्ती आले की आकाशीचा उजेड सरकारी नव्हे, त्यावर हुकूम चालत नाही. सबब काचांवर पत्रे ठोकविले आणि चाळीस मेटल हॅलाइडचे दिवे टांगावयाची आज्ञा जाहली. हा दिवा बेफाम घोड्याच्या जातीचा. त्याच्या नळीतील वायू एकदा पेटला की वीज अधिकाधिक ओढीत जातो, आणि आवरिला नाही तर आपल्याच हव्यासाने फुटतो. म्हणोन प्रत्येक दिव्यास चोक नामे लगाम लागतो. लगाम दोन परींचे: एक जुना, लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला, दुसरा नवा, इलेक्ट्रॉनिक. एक व्यापारी दोन्ही घेऊन दरबारी हजर जाहला. दिवाबत्तीचे अधिकारी आबासाहेब वामोरीकर, ज्यांस वस्तूचा गुण तिच्या वजनावरून कळतो अशी ख्याती होती, त्यांनी कारखान्यातून तराजू मागविला, आणि तो डोक्यावर वाहून आणणारा मुकादम हैबती पांचाळ खांबाशी उभा राहिला. पुढील सर्व कथा या हैबतीच्या डोळ्यांची आहे, आणि त्याच डोळ्यांनी त्यास फसविले.

मग जुना चोक पारड्यात टाकिता पारडे धाडकन भुईस टेकले, आणि नवा टाकिला तो पारड्याने नुसती मान हलविली. आबासाहेब बोलिले, “यात आहे काय?” व्यापारी म्हणाला, “साहेब, लागतं तेवढंच आहे.” मग दोहोंवर दिवे लाविले. जुना भुंग्यासारखा गुणगुणू लागला आणि नवा मुका राहिला. “हा राबतो आहे हे ऐकू येते,” आबासाहेब म्हणाले, “तो राबतो हे आम्हांस कळावे कैसे?” व्यापारी म्हणाला, “दिवा लागलाय ना साहेब, त्यावरून.” यावर सभेत कोणी हसले नाही, कारण दिवाणसाहेब हसले नव्हते. मग हात लावून पाहता जुन्याचा चटका बसला आणि नवा कोमट निघाला. तेव्हा ठरले की घाम न गाळणारा चाकर कामचुकार समजावा. व्यापाऱ्याने आणिक सांगितले की विजेचा दाब खालीवर जाहला तरी नव्यावर दिवा एकसारखा जळतो, आणि जास्त दिवस टिकतो. “आणि साहेब, मुख्य गोष्ट. जुन्या चोकावर दिवा एका सेकंदात शंभर वेळा मंद होतो, शंभर वेळा उजळतो. डोळ्याला कळत नाही. नव्यावर उजेड अखंड राहतो.” दिवाणसाहेबांनी प्रथमच तोंड उघडिले, “जे डोळ्यास कळत नाही ते दरबारास कळावयाचे प्रयोजन काय?” आणि उठले. मग चाळीस जुने चोक बसले, आणि नमुन्याचा नवा चोक फडनिसांच्या मेजावर कागद दाबावयास ठेविला. तेथेही तो हलका पडला आणि कागद उडाले, तेणेकरून आबासाहेबांची परीक्षा खरी ठरली.

कारखान्याच्या मध्यभागी सहा आऱ्यांचे मोठे चाक होते, ज्यावरून पट्टा जाऊन घासणीचे यंत्र फिरे. त्याच्या वेगाचा आणि दिव्यांच्या लुकलुकण्याचा मेळ ऐसा बसला की दर उजळीस एका आऱ्याच्या जागी दुसरा आरा येऊन उभा राही. सहाही आरे एकसारखे, सबब भरवेगात चाक स्तब्ध दिसे. भोवती घणांचा कल्लोळ इतका की एका चाकाची घरघर ऐकू येणे नाही. मग एके दिवशी तानबा ढाकणे नामे कारागीर, वीस वर्षांचा मुरलेला हात, वंगण पुसावयास चिंधी घेऊन आऱ्यांत हात घालता जाहला, आणि उजव्या हाताची तीन बोटे तेथेच राहिली.

चौकशी बसली. सात जणांनी पाहिले होते आणि सातांस शपथ घातली, आणि सातही बोलिले की चाक थांबले होते. सातवा हैबती. तो म्हणाला, “खोटं कसं बोलू सरकार? थांबलंच होतं.” मुकादमाची साक्ष म्हणोन ती सर्वांत जड ठरली. त्यावर दिवाणसाहेबांनी न्याय केला तो ऐसा: थांबलेले चाक बोट कापीत नाही, चाक थांबले होते हे सप्तसाक्षींनी सिद्ध, सबब बोटे अन्यत्र तुटली आणि तानबा सरकारवर तुफान, म्हणजे खोटा आळ, घेतो. त्यास चाकरीवरून दूर करावे, आणि अमावास्येच्या आत त्याने कारखान्याच्या चाळीतील घर सोडावे. तर्कशास्त्र जाणणाऱ्यांनी या निवाड्यात एक तरी खोट काढून दाखवावी. खोट नव्हती. फक्त बोटे नव्हती.

हैबती दवाखान्यात गेला. तानबाने पुसिले, “दादा, तुम्ही पण पाहिलंत ना, थांबलं होतं?” हैबती म्हणाला, “थांबलं होतं रे.” “मी पण तेच पाहिलं. मग माझी बोटं कुणी नेली?” तानबाची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, “मुकादम, खरं बोललात म्हणून पाया पडते तुमच्या. आता अमावास्येनंतर आम्ही कुठं झोपायचं तेवढं पण खरं सांगा.” हैबती खाली मान घालून परतला, आणि त्यास अन्न गोड लागेना.

मग अमावास्येस चार दिवस उरले असता भर दुपारी वारा सुटला आणि छपराचा एक पत्रा उचकटला. उन्हाचा पट्टा नेमका चाकावर पडला, आणि हैबतीने पाहिले की चाक गरगर फिरते आहे, आरा म्हणोन दिसत नाही. वाऱ्याने पत्रा पुन्हा बसला, तो चाक थांबले. पत्रा उचकटला, चाक फिरले. हैबती जागीच खिळला. मग त्यास तराजू आठवला, आणि व्यापारी आठवला, आणि सेकंदात शंभर वेळा हे शब्द आठवले. तो धावतच फडनिसांकडे गेला आणि म्हणाला, “तुमचा तो कागद दाबायचा डबा द्या.” फडनीस म्हणाले, “न्या बाबा, दाबत तर काही नाही.” मग हैबतीने चाकावरील दोन दिव्यांपैकी एकास तो चोक जोडिला, आणि प्रत्येक दिव्यास पत्र्याचे झाकण केले, ते अशा बेताने की वाटेल तो उजेड दाखवावा आणि वाटेल तो झाकावा, कारण हा दिवा एकदा विझला की निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आणि दरबारास थांबावयाची सवय नसते. मग दिवाणसाहेबांस अर्ज केला की चाकाची साक्ष राहिली आहे, ती घ्यावी.

दिवाणसाहेब चांदीच्या मुठीची काठी घेऊन आले, आबासाहेब मागे. हैबतीने जुन्या चोकाच्या दिव्याचे झाकण काढिले. “सरकार, चाक कसं आहे?” “थांबले आहे.” “आबासाहेब?” “थांबलेच आहे, यात पुसावयाचे काय?” तेव्हा हैबती हात जोडून म्हणाला, “मग सरकारांनी एक बोट लावून खात्री करावी.” आबासाहेबांनी आपले हात पाठीशी नेले. “का सरकार? थांबलेलं चाक बोट कापत नाही, असा निवाडा आहे.” दिवाणसाहेबांचा चेहरा तांबडा जाहला, आणि त्यांनी काठी आऱ्यांत घातली. कडाड ऐसा नाद जाहला, काठीचे तीन तुकडे उडाले आणि मूठ हाती राहिली. मग हैबतीने तो दिवा झाकोन नव्या चोकाचा उघडिला, आणि सर्वांनी पाहिले की चाक आहे तेच आहे, वेग आहे तोच आहे, आणि फिरते आहे.

दुसरे दिवशी हुकूम निघाला तो येणेप्रमाणे: सरकारच्या काठीस चाकापासोन इजा पोहोचली हे सरकारांनी स्वतः पाहिले, सबब चाळीसही चोक बदलोन नवे बसवावेत. हैबती म्हणाला, “काठी खरी, तर बोटंही खरी.” दिवाणसाहेब बोलिले, “काठी सरकारची होती.” “मग निवाडा फिरवावा सरकार. नाहीतर माझी साक्ष फिरवतो. लिहा, सातव्या साक्षीदाराचे डोळे खोटे होते, आणि तो सरकारच्या काठीची मूठ हातात घेऊन शपथेवर सांगतो.” मोडक्या काठीची वार्ता चाळीत फिरली होती आणि लोक हसू लागले होते, तेव्हा दरबारने तानबास चाकरी व घर कृपा म्हणोन ठेविले. निवाडा मात्र फिरला नाही. कागदोपत्री ते चाक त्या दिवशी आजही थांबलेले आहे.

मग नवे चोक बसले, आणि गुणगुण गेली, आणि उजेड स्थिर जाहला, आणि चाक फिरते तेव्हा फिरते दिसू लागले. तानबा दोन बोटांच्या हाताने कामावर आला. चाकापाशी जाण्याआधी तो चिंधीचा बोळा आऱ्यांवर फेकी, आणि बोळा उडाला की मागे सरे. हैबती म्हणाला, “अरे, आता कशाला? आता दिसतं की.” तानबा म्हणाला, “दिव्यावर भरवसा आहे दादा. दिवा बसवणाऱ्यांवर नाही.” दुसऱ्या दिवशी हैबतीने खिशात चिंधी ठेविली, तिसऱ्या दिवशी सर्वांनी, आणि तो त्या कारखान्याचा रिवाज जाहला.

तात्पर्य: नवा चोक हलका, मुका, कोमट, दिवा टिकवितो आणि उजेड अखंड देतो. इतके गुण दरबारास काठीच्या तीन तुकड्यांवरून पटले. तीन बोटांवरून पटले नव्हते. इति.