आप्पांच्या कुंड्यांचं आवर्तन

पाण्याचं मोल पुरतं कळलेला एकच माणूस मी पाहिला. तो आपल्या झाडांना बावीस दिवसांतून एकदा पाणी घालत असे, आणि तेही चमच्याने.

आमच्या फलटणचे शिवराम आप्पा निवृत्त पाटकरी. कालव्याचं पाणी ठरल्या पाळीनं शेतात सोडायचं, ही त्यांची उभी नोकरी. तीस वर्षं ऊसवाल्यांच्या शिव्या खाल्ल्यावर त्यांनी गच्चीवर न मागणारं पीक लावलं. सक्युलंट. निवडुंग म्हटलेलं त्यांना खपत नसे.

"निवडुंग न्हवं, गुरुजी. पाण्याची टाकी पानातच आस्ती ह्येच्या. ऊस लय हावरा. ह्येचा बघा, महिना झाला, एक अर्ज न्हाई!"

तेलाचे डबे, फुटक्या बरण्या, दांडा गेलेला कुकर, नातवाचं हेल्मेट, सगळ्यांच्या कुंड्या झाल्या होत्या. प्रत्येकीवर नंबर, भिंतीवर आवर्तनाचा तक्ता. आप्पांचा मंत्र एकच, "निचरा म्हत्त्वाचा." दिसेल त्या भांड्याला ते ड्रिलनं भोक पाडत. आमच्या घरून आमटी घालून पाठवलेलं पातेलं निचऱ्याची सोय होऊन परत आलं.

यंदा मात्र कुंड्यांतली रोपं सडू लागली. पानं काचेसारखी पारदर्शक होऊन हात लावताच गळायची. आठवड्यात नऊ कुंड्या गेल्या. आप्पांनी माती हुंगली.

"पाणीचोरी," ते म्हणाले. "म्हंजी चोरून पाणी देतंय कुनीतरी. पंचनामा करायचा. तुमी पंच."

दुपारी आम्ही दोघे गच्चीवर टाकीमागे उकिडवे बसलो. माझ्या हातात कोरा कागद. तीन वाजता सुमनकाकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, कळशी घेऊन वर आल्या. प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी. "पी गं बाई. ह्या मानसानं तुला उपाशी ठिवलंय." आणि खाली गेल्या.

"सापडली!" आप्पा कुजबुजले. "लिवा. आरोपी, घरचीच."

मी 'आरोपी' लिहीपर्यंत काकू पुन्हा कळशी घेऊन आल्या. त्याच कुंड्या, तेच तांब्याभर पाणी, तेच बोलणं. खाली गेल्या. दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा आल्या. माती अजून निथळत होती.

आप्पांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला.

काकूंना आम्ही दिसलो. "आवं, हितं काय करताय? आन् ही झाडं बघा की. सकाळपास्नं कुनी थेंब घातला न्हाई."

बड्या बागायतदारांनाही विनापाळी पाणी न दिलेला हा माणूस. तो उठला, त्यानं तिच्या हातातली जड कळशी घेतली.

"न्हाई घातला," आप्पा म्हणाले. "इसारलोच मी. घाल तू. मी कळशी धरतो."

डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी सांगितलं ते आप्पांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उरलेली सक्युलंट त्यांनी गल्लीत वाटून टाकली. माझ्या वाट्याला अकरा आली, तक्त्यासकट.

आता त्या सगळ्या डब्याबरण्यांत अळू आहे. "ह्येला कितीबी पानी घाला," आप्पा म्हणाले, "तक्रार न्हाई." काकू दिवसभर पाणी घालतात, आप्पा कळशी धरतात. अळू माजलंय. आठवड्यातून तीनदा आमच्याकडे जुडी येते.

अळू खाजरं आहे.