डबा एक, टीव्ही दोन

मालिकेतल्या कुठल्या सासूने कुठल्या सुनेला कशात विष घालून दिलं, हे आमच्या भाऊजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, तोंडपाठ आहे. मालिका त्यांना मुळीच आवडत नाहीत. "डोक्याचा भुगा करते बा हे," असं म्हणत म्हणत ते रोज बघतात. इलाज नाही. बेसा भागातल्या त्यांच्या घरात टीव्ही दोन आहेत, पण डबा एक. गच्चीवर डिशची छत्री एक, हॉलमध्ये सेट-टॉप बॉक्स एक. त्यातून निघालेली वायर पडद्याच्या दांडीवरून, देवाच्या फोटोमागून थेट माझ्या आईच्या खोलीत जाते. आईच्या टीव्हीपाशी भाऊजींनी सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला रिमोटचा एक बारीक डोळा चिकटवला आहे. तिने तिथून रिमोट दाबला की हॉलमधला चॅनल बदलतो.

भाऊजींचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचं तत्त्वज्ञानही गंज-पातेल्यांचं. कोणी म्हणालं, दुसरा डबा घ्या, तर उत्तर ठरलेलं. "भाताचा गंज एक चढवा, ताटं दोन वाढा. दोन गंज काहून चढवाचे?"

एकदा मी गेलो तेव्हा मॅचची शेवटची ओव्हर होती. बॉलरने धाव घेतली, आणि पडद्यावर एकदम पैठणीतली बाई रडायला लागली.

"आई! एक ओव्हर होऊ द्या ना!" भाऊजी भिंतीकडे तोंड करून ओरडले.

"तुमची ओव्हर उद्या बी येईन," आतून आवाज आला. "इची सासू आज मरून राहिली, जावईबापू!"

आई बहिणीकडे का राहते, असं कोणी विचारलं की इतकी वर्षं मी सांगत आलो, आमचा जिना उंच आहे. जिना उंच आहेच. पण तळमजल्यावरचं घर बघायला मी कधी निघालो नाही, हेही खरं. तोंडाने ते कबूल करणं मला जमलं नाही. म्हणून मी आईसाठी परस्पर दुसरा डबा बुक केला. माणूस आला, छत्रीपासून नवी तार टाकून गेला. आईला आपले चॅनल, भाऊजींना आपले.

"बरं झालं साळेबुवा, सुटलो एकदाचा," भाऊजी म्हणाले. जुनी वायर त्यांनी हळूच गुंडाळली, टाकून मात्र दिली नाही.

थोड्या दिवसांनी मायाचा, म्हणजे बहिणीचा, फोन आला.

"दादा, रागावू नको. घरात कोणी बोलतच नाही गा. आई जेवली का लगेच झोपते."

"अगं, तिला हवं ते बघायला मिळतंय ना?"

"तुले कोणी सांगितलं नाही. बाबा गेल्यावर आई इथं आली, तं कोणाशीच बोलत नव्हती. महिने गेले. मंग यांनी तिच्या खोलीत टीव्ही लावला, अन् इकडे मॅच लावली, तं तिकडे बी मॅच. आतून आई ओरडली, 'बंद करा ते!' पह्यलं बोलणं ते तिचं. हे खुर्चीवरून उठून नाचले! तवापासून डबा एकच."

"मग मी डबा आणला तेव्हा भाऊजी बोलले का नाहीत?"

"म्हणे, लेकानं पह्यल्यांदा आईसाठी काही आणलं. त्याले नाही कसं म्हणू?"

मी त्याच संध्याकाळी बेसाला गेलो. भाऊजी हॉलमध्ये एकटे बसले होते. मॅच लागली होती, आवाज बंद.

"आवाज का बंद?"

ते ओशाळले. "आई आतून काही म्हणतीन, तं ऐकू याले नको का?"

बोलणं मला कधी आलंच नाही. मी स्टूल ओढलं, आईचा नवा डबा काढला आणि जुनी वायर मागितली. भाऊजींनी ती सोफ्याखालूनच काढली. जवळच ठेवली होती. देवाच्या फोटोमागून ती सरकवताना त्यांनी स्टूल घट्ट धरून ठेवलं आणि तीनदा विचारलं, "नक्की ना? मंग तुमचे पैसे?"

पिन बसली, आतून आईने रिमोट दाबला. हॉलमधली मॅच गेली, आणि तीच पैठणी समोर आली.

"जावईबापू! पाह्यलं का? परत आली पोट्टी!"

"पाहून राहिलो ना!" भाऊजी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. "डोक्याचा भुगा करते बा!"

मग सोफ्यावर सरकून त्यांनी मला जागा केली आणि कोपराने ढोसलं. "तुम्ही बी द्या ना आवाज."

पन्नाशी उलटलेला मी, भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "आई, मी पण बघतोय."

आतून रिमोट खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तं मंग सांग बरं," आई म्हणाली, "सुनेले विष कशात घातलं होतं?"

"खिरीत," भाऊजी माझ्या कानात कुजबुजले.