मोघेकाका आणि टाकीचं पाणी

मोघेकाका कुणाच्याही घरी गेले की समोर आलेल्या पाण्याचा आधी वास घेत. मग ग्लास उजेडात धरून विचारत, "टाकी कधी धुतली होती?" नोएडातल्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न ऐकला नाही असं एकही घर नव्हतं.

सरकारी आरोग्य खात्यात त्यांनी जन्मभर एकच काम केलं. कुठे रोगराई पसरू शकते, कुणाला जास्त बाधेल, याचा अंदाज बांधायचा. काकू गेल्या, मुलगी कॅनडात. निवृत्तीनंतर अंदाज बांधायला उरलो आम्ही. "टाकीशेजारचा गटाराचा पाइप हा धोका," ते बजावत. "ते टाकीचं पाणी तुम्ही न उकळता पिता, ही जोखीम!" मग जंतूच्या बारीक आवाजात म्हणत, "नमस्कार वहिनी, आत येऊ का?" हसून हसून पुरेवाट व्हायची.

यंदा बेसमेंटमध्ये टाकीला तडा गेलेला आणि शेजारी गटार तुंबलेलं त्यांनी पाहिलं. मेंटेनन्सवाला म्हणाला, "अरे अंकलजी, कुछ नहीं होता." मग काका दारोदार फिरले. तिसऱ्या मजल्यावर साताऱ्याची स्वाती राहायची, सातवा महिना लागलेला. मी तिथेच होते.

"स्वाती, पाणी उकळूनच पी. गरोदरपणात अशा पाण्यातून होणारी कावीळ फार वाईट."

तिचा चेहरा उतरला. तसा काकांनी लगेच जंतूचा आवाज काढला. स्वाती पोट धरून हसली. "उद्यापासून नक्की, काका. बसा, चहा टाकते."

तो उद्या राहूनच गेला. महिना-दीड महिन्यात कावीळ घरोघर शिरली. बाकीचे सगळे हळूहळू उठले. स्वाती उठली नाही, बाळही वाचलं नाही.

स्मशानातून आल्यावर काका जिन्यातच बसून राहिले. मी शेजारी टेकले. "काका, तुम्ही तर सगळ्यांना सांगितलं होतं."

"सांगितलं कुठे? हसवलं." ते चपलांकडे बघत होते. "ती घाबरली होती गं. तेव्हाच रागवायला हवं होतं, समोर बसून पातेलं गॅसवर ठेवायला लावायला हवं होतं. पण रागावणाऱ्या म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा कोण दार उघडतं?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि कुणी दार उघडलं नसतं," ते म्हणाले, "तर दिवसभर मी कुठे गेलो असतो?"